उष्ट्याचा प्रयोग

गुरुजींचा फोटो शाळेत लावताय, चांगलं करताय. पण बाई, तुम्ही हे जे लिहून आणलंय ना, 'गुरुजींना लहानपणापासून विज्ञानाची गोडी होती', ते आधी खोडा. गोडी कुठली आलीय. हेवा होता. आमच्या गुरुजींना विज्ञान लागलं ते हेव्यापायी, आणि त्या हेव्याचं नाव हैदर मास्तर.

बाकीच्या बायकांना सवत असती, मला हैदर मास्तर होता. सकाळी उठून लिंगपूजा झाली की पहिलं नाव त्याचं. आज हैदरला हेडमास्तरनी खुर्ची दिली. आज हैदरच्या वर्गात नवा फळा आला. हैदर शेरवानीला इस्त्री करतो, आपण का करू न्हाय? मी नवं इरकल नेसून पुढ्यात उभी राहिले तरी विचारायचे, "बिस्मिल्लाबीच्या घरी आज कोण पाव्हणं आलंय गं?" बिस्मिल्लाबी म्हणजे हैदरची आई. तिचं घर आमच्या मागं, परसाला परस लागून, मधी एक मातीची भिंत. त्या भिंतीनंच सगळा घात केला.

तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. निजामाचं राज्य होतं. उमरग्याच्या शाळेत शिकवणं उर्दूतून. आमचे गुरुजी, भीमाशंकर त्यांचं नाव, शिवेवरच्या खेड्यातले. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू. मठात जेवून, वार लावून मॅट्रिक झाले आणि मास्तर झाले. हैदरचं तसं न्हाय. तो हैदराबादला कॉलेजात दोन वर्षं काढून आला होता. बाप अचानक वारला म्हणून शिक्षण टाकून आईजवळ परत आला. तेवढी दोन वर्षं आमच्या गुरुजींच्या डोळ्यात कुसळासारखी खुपायची. म्हणायचे, "बाप जगला असता तर हा इथं कशाला आला असता?" मी म्हणायची, "मेलेल्या माणसावर तरी जळू नका." तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

जगाची दुसरी लढाई चालू होती त्या सालात शाळेला एक कपाट आलं. आत काचेच्या नळ्या, स्पिरिटचे दिवे, औषधांच्या बाटल्या. कपाटाला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. हुकूम असा आला, की मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अंमलदार, स्वतः येतील. दोन्ही मास्तरांकडून एकच धडा करून घेतील. ज्याचा धडा चांगला त्याच्या हातात किल्ली देतील. किल्ली ज्याची, विज्ञान त्याचं. दुसऱ्यानं जन्मभर भूगोलाचे नकाशे टांगायचे.

धडा काय होता? माणसाच्या लाळेनं पिठाची साखर होती, हा. तुम्ही आता ज्याला एन्झाइम म्हणता, मराठीत विकर म्हणता, ते. उर्दू पुस्तकात खामिरा लिहिलेलं. पुस्तकात ह्या गोष्टीवर जेमतेम चार ओळी. करून कसं दाखवायचं ते काहीच न्हाय.

पहिल्या दिवशी गुरुजींनी मला चुलीपुढनं उठवलं, हातावर ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा ठेवला आणि म्हणले, "चाव. गिळायचं न्हाय. चावत ऱ्हा." मी चावत राहिले. आधी पिठूळ लागलं, मग कसंतरी, मग जरा गोड लागायला लागलं. म्या सांगितलं तसे त्यांचे डोळे चमकले. लग्नाला चार वर्षं झाली होती, माझ्या तोंडाकडं एवढं निरखून त्यांनी तवर कधी बघितलं नव्हतं. मी लाजले. तर हे म्हणतात कसे, "हैदरला हे माहीत असंल का गं?" उरलेली भाकरी म्या कुत्र्याला घातली.

चावून गोड लागतं हे पोरांना पटंल, मोहतमीम साहेबाला डोळ्यानं दिसलं पाहिजे. त्याचीही युक्ती होती. पिठाच्या पेजेत आयोडीनचे थेंब टाकले की पेज निळीशार होती. लाळेनं पिठाची साखर करून टाकली असंल तर निळी होत न्हाय. एवढं गुरुजींना ऐकून माहीत होतं. पण तालमीला हेडमास्तरनी दोघांना नळ्या आणि दिवा तेवढा दिला, औषधं कुलपातच ठेवली; आणि लढाईमुळं गावात आयोडीन मिळंना. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडं तळाशी उरलं होतं, ते त्यानं कुणाला द्यावं? हैदरला. त्या दिवशी आमच्या घरात मीठ जास्त झालं, ताक आंबट झालं, पाणी कढत झालं, सगळं माझ्यामुळं झालं.

मग एका दुपारी बघते तर गुरुजी परसात तांब्याचं घंगाळ पालथं घालून त्यावर उभे. हात शेवग्याच्या फांदीला आणि डोळे भिंतीपलीकडं. म्या विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणले, "शेंगा बघतोय." शेवग्याला तेव्हा फूलसुद्धा नव्हतं.

पलीकडं हैदर तिपाईवर नळ्या मांडून बसला होता. गुरुजींनी बघितलं ते असं. हैदर एका नळीत थुंकला. ती नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून चांगली उकळली. तेवढ्यात बिस्मिल्लाबी धुणं वाळत घालायला बाहेर आली, म्हणून हे खाली वाकले. घंगाळ खडखडलं. परत डोकं वर काढलं तर हैदर त्यांच्याकडं पाठ करून बसलेला. जरा वेळानं तो उठला. एका हातात निळी नळी, दुसऱ्या हातात पिवळट. पिवळट नळी उन्हात धरून आईला म्हणला, "अम्मा, देखो जी, आग का कमाल."

गुरुजी घंगाळावरनं उतरले ते नाचतच. "जगदेवी, सापडलं. लाळ उकळायची असती. विस्तवावर गेली की तिच्यात जोर येतो." मला काय कळतंय त्यातलं? म्या म्हणलं, बरं झालं, उष्टं तेवढंच शुद्ध होतंय.

आणि खरं सांगू का, तिथंच त्यांची गाडी घसरली. उष्ट्याचा विटाळ मानू नये असं आमच्या शास्त्रात सांगितलंय म्हणतात. पण शास्त्र मठात ऱ्हातं आणि रीत घरात. गुरुजींनी कधी कुणाच्या भांड्याला तोंड लावलं न्हाय. मी त्यांच्या मागनं त्यांच्याच ताटात जेवायची, ती आमची रीत. माझ्या ताटातलं त्यांनी घ्यायचं, हे मात्र कुणाच्या स्वप्नात न्हाय. तर सगळ्या गावापुढं थुंकी हाताळायची ह्याचा त्यांना धसका होता. त्यात माझे वडील महालिंगप्पा, आडत दुकानवाले, शाळेच्या पंचांत होते, ते समोर बसणार. अग्नीनं शुद्ध करून घ्यायचं निघालं म्हणल्यावर ह्यांचा जीव भांड्यात पडला. मनाला जे बरं वाटतं तेच खरं मानायची खोड माणसाला असतीच. करून बघावं तर आयोडीन न्हाय. नुसत्याच नळ्या हलवून तालीम केली, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले.

मोहतमीम साहेब आले तो दिवस मला अजून दिसतो. वर्गात पोरं, पंच, मास्तर. आमी बायका मागच्या खिडकीशी. माझ्या शेजारी कोण असावं? बिस्मिल्लाबी. तिनं माझा हात धरला आणि म्हणली, "दोन्ही आपलेच बच्चे हैत गं." मी हसले. मनात म्हणलं, म्हातारे, तुझा पडू दे.

हेडमास्तरनी कपाट उघडलं, आयोडीनची बाटली मेजावर ठेवली. गुरुजींचं नाव आधी पुकारलं. त्यांनी घरनंच, दाराआड थुंकून, बाटलीत लाळ आणली होती. ती नळीत ओतून दिव्यावर धरली आणि मोठ्यानं म्हणले, "अग्नीनं सर्व शुद्ध होतं." माझ्या वडलांनी मान हलवली. हैदर मागं उभा होता, तो एकदम खाली बघायला लागला. लाळ उकळली. पेज ओतली. थांबले. पोरांना इतकं छान समजावून सांगितलं की मोहतमीम साहेब पुढं झुकून ऐकायला लागले. मग ऐटीत आयोडीनचे थेंब टाकले.

निळीशार. शाई ओतल्यासारखी निळीशार.

गुरुजींनी नळी हलवली. अजून निळी झाली. तोंडचं पाणीच पळालं त्यांच्या. कुणीतरी पोर फिस्सकन हसलं. मोहतमीम साहेबांनी चष्मा काढला, म्हणले, "ये क्या हुआ, मास्टर साहब?" माझे वडील भिंतीकडं बघायला लागले. मी खिडकीचे गज असे धरले होते की हाताला वळ उठले. त्यांची किल्ली गेली, विज्ञान गेलं, आणि आता जन्मभर हैदर हैदर ऐकावं लागणार, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात हैदर पुढं आला. म्हणला, "जनाब, हे अर्धंच झालं. गुरुजींनी आधी मेलेली लाळ दाखवली. आता जिवंत दाखवतील." कोरी नळी घेतली, गुरुजींच्या हातात दिली आणि हळूच म्हणला, "थुंका."

गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं. काय बघितलं ते मला सांगता येत न्हाय, पण तसं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं न्हाय. मग सासऱ्याकडं बघितलं. आणि सगळ्या वर्गासमोर, पंचांसमोर, नळीत थुंकले. पेज ओतली. थांबले. थेंब टाकले. निळं झालं न्हाय. आयोडीनचा पिवळसर रंग तेवढा राहिला.

त्यानंतर जे बोलले ना गुरुजी, ते मात्र कुणाचं बघून न्हाय. त्यांना त्या क्षणी सगळं उमगलं आणि ते सुटले. म्हणले, "पिठातली खळ म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ. माळ अख्खी असती तवर जिभेला गोड लागत न्हाय. लाळेतलं द्रव्य ती तोडतं. आणि तोडून स्वतः संपत न्हाय. आडत्या कसा, दोघांचा सौदा जमवून देतो, आपण होता तसाच मोकळा, पुढच्या सौद्याला. म्हणून एवढीशी लाळ एवढ्या पेजेला पुरती. पण ह्या आडत्याला विस्तव सोसत न्हाय. का? तो घडलाय प्रथिनाचा. चिकाचं दूध चुलीवर ठेवलं की काय होतं?" पोरं ओरडली, "खरवस." "खरवस थंड केला तर परत दूध होतं का?" "न्हाय." "तसंच. एकदा शिजून त्याची घडण मोडली की त्याच्यानं माळ तुटत न्हाय. ही पहिली नळी नसती, तर खळ लाळेतल्या त्या द्रव्यानंच तोडली हे तुम्हाला कशावरनं कळलं असतं?"

बघा, चुकीलाच त्यांनी पुरावा करून टाकलं. मोहतमीम साहेब टेबलावर थाप मारून "वाह" म्हणले. हैदरला म्हणले, आता तुम्ही दाखवा. हैदर म्हणला, "मला हेच दाखवायचं होतं. आता काय राहिलं?" किल्ली गुरुजींच्या हातात आली. माझे वडील जाताना एवढंच बोलले, "आडत्याचं बरोबर सांगितलं. अंघोळ करून मग जेवा."

मला वाटलं, आता सुटले मी. कसलं काय. गुरुजी घरी आले, किल्ली कोनाड्यात ठेवली आणि ताटावर बसेनात. म्हणले, "त्यानं मला भीक घातली."

"अहो, वाचवलं तुम्हाला."

"तेच म्हणतोय. वाचवायला मोठा माणूस लागतो. मोठा कोण ठरला?"

आधी हेवा होता हैदरच्या कॉलेजाचा, आता हेवा सुरू झाला त्याच्या चांगुलपणाचा. तो त्याहून वाईट. कॉलेजाला नावं ठेवता येतात, चांगुलपणाला काय ठेवणार? वरनं हैदर त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नव्हता. रस्त्यात भेटला की "आदाब गुरुजी" म्हणून पुढं जायचा. गुरुजी म्हणायचे, "एकदा बोलून दाखवलं असतं तर मीही दोन शब्द सुनावले असते. हा तर बोलतपण न्हाय." हैदरला मागं टाकायचं म्हणून हैदराबादेहून पुस्तकं मागवली, वाचून वाचून डोळे खराब केले. मोड आलेल्या ज्वारीत तेच द्रव्य असतं, लिंबाच्या आंबटानं ते काम थांबवतं, सगळं करून बघितलं. माझ्या सैपाकघरात पातेल्यांना निळे डाग. तुम्ही लोक त्यालाच गोडी म्हणताय.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. शाळेतली उर्दू गेली, मराठी आली. बिस्मिल्लाबी त्याच्या आदल्याच साली गेली होती. हैदरला इथं कुणी राहिलं न्हाय आणि कामही राहिलं न्हाय. बहिणीकडं हैदराबादला जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी आमच्या ओसरीवर आला. सडकेवर मोटर उभी होती.

म्या चहा केला. त्याच्यासाठी वेगळा कप होता, बाहेरच्या देवळीत पालथा घातलेला असायचा. तेव्हा सगळ्यांच्याच घरी असायचा, त्याला ते माहीत होतं, आमालाही माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या कपात चहा दिला. हैदरनं दोन घोट घेतले आणि म्हणला, "गुरुजी, एक सांगून जातो. तुमचं घंगाळ वाजलं तेव्हाच मला कळलं होतं."

गुरुजींनी आपला कप खाली ठेवला.

"तुम्ही बघताय हे कळलं म्हणून दुसऱ्या नळीच्या वेळी म्या तुमच्याकडं पाठ केली. साधी लाळ तुम्हाला दिसू दिली न्हाय. आग का कमाल म्हणलो, तेही तुमच्यासाठी. मला वाटलं, फजिती होऊ दे एकदा."

"का?" गुरुजी म्हणले.

"माझ्या तासाला पोरं जांभया देतात. तुमचा तास सुरू झाला की माझ्या वर्गातली पोरं भिंतीला कान लावतात. मी पण लावायचो. मला येतं सगळं, गुरुजी, पण सांगता येत न्हाय. माझ्या पोटात लई दुखायचं. त्या दिवशी तुम्ही निळी नळी घेऊन उभे राहिलात, मला वाटलं होतं मजा येईल. माझ्याच्यानं बघवलं न्हाय. आणि तुम्ही खरवसाचं बोललात तेव्हा कळलं, किल्ली कुणाची ते."

बाहेर मोटरवाल्यानं भोंगा वाजवला. हैदर उठला, मला म्हणला, "येतो वहिनी." अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

मला संताप आला होता. एवढं वाईट करून वर सांगायला आला. मी बोलणार तेवढ्यात गुरुजींकडं बघितलं तर त्यांचं तोंड उजळलेलं. म्हणले, "ऐकलंस? त्याच्या पोटात दुखायचं. माझ्यामुळं. हैदरच्या." आणि डोळ्यातनं पाणी. मग त्यांनी हात पुढं केला, हैदरनं खाली ठेवलेला तो देवळीतला कप उचलला आणि हैदरचा उरलेला चहा तोंडाला लावून पिऊन टाकला. शेवटच्या थेंबापर्यंत. म्या म्हणलं, "अहो, उष्टं हाय ते." त्यांना ऐकूच गेलं न्हाय.

त्या दुपारी पोटभर जेवले. त्यानंतर तीस वर्षं शिकवलं. पुढच्या मास्तरांना इनामं मिळाली, गाड्या आल्या, ह्यांना कुणाचं काही वाटलं न्हाय. दरसाली तो धडा आला की दोन नळ्या दाखवायचे, उकळलेली आधी. आणि धडा झाला की घरी येऊन परसात त्या भिंतीपाशी उगाच जरा वेळ उभे ऱ्हायचे. पलीकडं दुसरे लोक राहायला आले होते.

तुम्ही लिहा बाई, गुरुजींना विज्ञानाची गोडी होती. फोटोखाली तेच बरं दिसंल. हैदरला आता मी काय बोलू? तोही गेला, हेही गेले. त्याचा तो कप म्या आतल्या फडताळात आणून ठेवलाय, आमच्या कपांच्या रांगेत. कधीमधी पुसताना आतून अजून चरचरतं. चाळीस वर्षं त्यांच्या ताटात जेवले मी. दुखण्यात, बाळंतपणात, परगावी, किती वेळा माझा चहा अर्धा राहिला असंल. माझ्या कपातला एक घोट त्यांनी कधी घेतला न्हाय.